वाढदिवस आजीचा, निवड आमची

गोव्याला जाऊन आले असे सांगितले, तर आपल्या बेळगावात कोणाला त्याचे फारसे कौतुक वाटत नाही. चोर्ला घाटाने निघाले तर पणजी सव्वाशे किलोमीटरच्या आत. सकाळी चहा घेऊन निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला समुद्रावर असतो. तेव्हा प्रवासवर्णन लिहून मी वाचकांचा वेळ घेणार नाही. मला लिहायचे आहे ते एका जेवणाविषयी, किंबहुना त्या जेवणासाठी आम्ही जागा कशी निवडली त्याविषयी. "अगं, नियतकालिकात हॉटेलावर निबंध?" असे म्हणून माझ्या एका मैत्रिणीने कपाळाला हात लावला. विषय क्षुल्लक आहे, हे मला मान्य आहे. पण ज्यांच्यावर आपली माया असते, त्यांच्यासाठी निर्णय घेताना आपण नेमके त्यांनाच वगळतो, ही गोष्ट काही क्षुल्लक नाही. मला ती एका हॉटेलाच्या टेबलापाशी कळली, एवढेच.

गेल्या मे महिन्यात आमच्या आजीला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. आजीला जन्मदिवस दोन. कागदोपत्री १ जून. कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी, त्या काळच्या रीतीप्रमाणे, तीच तारीख लिहून टाकली. आणि खरा दिवस वैशाखी पौर्णिमेचा, कारण तिची आई तसे सांगत असे. यांपैकी एकही दिवस आमच्या घरात कधी साजरा झाला नव्हता. आजोबा गेल्यापासून तर "माझा कसला मेला वाढदिवस?" एवढ्यावर विषय संपत असे. आजोबांची साठी झाली तेव्हा घरी शांत केली, दीडशे पाने उठली, आणि आजी त्या दिवशी पहाटे चारपासून स्वयंपाकघरात होती, हे मी आईकडून ऐकले आहे. तेव्हा या खेपेला आजीची पंचाहत्तरी करायचीच, तीही तिला घराबाहेर काढून, असे दादाने आणि मी ठरवले. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. तो पुण्याला नोकरीला आहे. पैसे त्याचे, उत्साह माझा.

आणि पहिली चूक तिथेच झाली. आजीला काही सांगायचे नाही, हेही आम्ही त्याच बैठकीत ठरवले.

बेळगावला समुद्र नाही. पण समुद्र गाठायला आपल्याला तीन वाटा आहेत, आणि तिन्ही वाटांवर तीन राज्यांचे किनारे आहेत. खाली कारवार आहे, पश्चिमेला गोवा आहे, आणि आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीवरून गेले की वेंगुर्ले आहे. आपल्या गावात वेंगुर्ला रोड आहे, आपण त्या रस्त्याने हिंडलग्याला रोज जातो-येतो. पण तो रस्ता एका बंदराच्या नावाचा आहे हे आपल्या मनातही येत नाही. आजीचे माहेर त्याच वेंगुर्ल्याचे. एकोणिसाव्या वर्षी ती घाट चढून बेळगावात आली. ही गोष्ट घरात सर्वांना ठाऊक होती. जागा ठरवताना मात्र ती कोणाच्या उपयोगी पडली नाही.

आम्ही काय केले? जे आजकाल सगळे करतात तेच. फोन उघडला, उत्तर गोव्यातल्या किनाऱ्यांवरची हॉटेले पाहिली, आणि कोणाला किती तारे आहेत ते मोजले. चारच्या खाली तारे असतील तो गाळला. ज्याच्या छायाचित्रांत मेणबत्त्या, वाळूत मांडलेली टेबले आणि मागे मावळता सूर्य होता, तो निवडला. शेकडो लोकांनी त्याची वाखाणणी केली होती. "एवढी माणसे खोटे कशाला बोलतील?" असे दादा म्हणाला, आणि मलाही ते पटले. माणसे खोटे बोलत नव्हतीच. फक्त त्यांत पंचाहत्तर वर्षांचे कोणी नव्हते.

गोव्यातल्या या किनाऱ्यावरच्या हॉटेलांना तिकडे शॅक म्हणतात. बांबू, लाकूड आणि माडाच्या झावळ्या यांचे ते तात्पुरते बांधकाम असते. पावसाळा संपला की सरकारी परवान्याने ते उभे राहते आणि ३१ मेपूर्वी मोडून न्यावे लागते. समुद्रकाठाला पक्के बांधकाम होऊ नये यासाठी १९९१ पासून केंद्र सरकारचे किनारा नियमन आहे, त्यामुळे हा दरवर्षी मांडायचा आणि दरवर्षी मोडायचा संसार. शिवाय १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. म्हणजे आजीचा वाढदिवस आम्ही मास्तरांच्या तारखेने केला असता, तर किनाऱ्यावर शॅकही नसता आणि ट्रॉलरची ताजी मासळीही नसती. पौर्णिमेने आम्हांला वाचवले, असे आम्ही गाडीत हसत म्हणत होतो. पौर्णिमेने पुढे काय केले ते आता सांगते.

आम्ही आठ जण होतो. आजी, आई, बाबा, काका, काकू, आत्या, दादा आणि मी. संध्याकाळी साडेसहाला तिथे पोहोचलो. मे महिन्यात गोव्यात सूर्य सातला पाच-सात मिनिटे कमी असताना मावळतो; तेव्हा वेळ आम्ही अचूक साधली होती. गाडी थांबली तिथून टेबलापर्यंत शंभरेक पावले मऊ वाळू. आपल्याला ती शंभर पावले म्हणजे मौज. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना विचारावे. आजीने एक हात आत्याच्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्या हातात चपला घेतल्या, आणि मधे दोनदा थांबून "किती छान वारा आहे" असे म्हणाली. तो वारा नव्हता, ती दम घेत होती. हे मला त्या वेळी समजले नाही.

पाणी त्या वेळी बरेच लांब होते. त्यामुळे आमच्या हट्टावरून वाढप्याने टेबल अगदी पुढे, ओलसर वाळूच्या कडेला मांडले. आजी खुर्चीत बसली आणि खुर्चीचे मागचे दोन पाय वाळूत रुतले. मग बाबांनी पायांखाली दोन फळ्या आणून घातल्या. सूर्य मावळला, फारच सुंदर मावळला. आम्ही सर्वांनी फोन काढले. आजीने हात जोडले.

मग अंधार पडला, आणि खरी परीक्षा सुरू झाली. टेबलावर काचेच्या भांड्यात एक मेणबत्ती होती. दिवसा तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून येणारा वारा संध्याकाळी चांगला जोरात असतो. त्याने ती दोनदा विझली. आम्ही मोठ्या हौसेने आजीसाठी बांगड्याची आमटी मागवली होती. बांगडा हा काट्यांचा मासा. मेणबत्तीच्या उजेडात बांगडा खाणे म्हणजे काय, हे त्या छायाचित्रांवर तारे देणाऱ्यांपैकी कोणीही लिहिले नव्हते. आजीने दोन घास बोटांनी चाचपून खाल्ले आणि मग भात कालवून नुसती आमटी घेत राहिली. दादाने फोनचा दिवा लावून तिच्या ताटावर धरला. एका हाताने तो दिवा धरतो आहे, दुसऱ्या हाताने जेवतो आहे, आणि मागे मोठ्या कर्ण्यावर इंग्रजी गाणी चालू. आजीच्या उजव्या कानाला कमी ऐकू येते. तिला उजवीकडे कर्णा आणि डावीकडे समुद्र अशा जागी आम्हीच बसवले होते. आत्या तिला काहीतरी सांगत होती, आणि आजी प्रत्येक वाक्याला हसून मान हलवत होती. तिला एक अक्षर ऐकू येत नव्हते.

काकू शाकाहारी. त्यांच्यासाठी काय आहे, हे आम्ही आधी पाहिलेच नव्हते. त्यांच्यापुढे बटाट्याच्या चकत्या आणि पनीर आले. "मला काय, काहीही चालते," असे त्या म्हणाल्या. माझी धारवाडकडची एक मैत्रीण आहे, ती याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिते. तिचे घर शाकाहारी. ती एकदा मला म्हणाली होती, "समुद्रावरच्या हॉटेलात माझ्या आईने आयुष्यात फक्त डाळ-भात पाहिला, आणि तोही सगळ्यांत शेवटी आलेला." ते ऐकून मी हसले होते. काकूंचे ताट पाहून ते आठवले.

साडेआठच्या सुमारास वाढपी आला आणि अदबीने म्हणाला, "टेबल जरा मागे घेऊया का?" पाणी आले होते. आठ माणसे उठली, टेबल मागे गेले, फळ्या मागे गेल्या, आजीची खुर्ची मागे गेली. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी लाट थेट टेबलाखालून गेली, आजीच्या पायांवरून, आणि आत्याची एक चप्पल घेऊन गेली. जेवण अर्धे झाले होते आणि पूर्ण गार झाले होते. आजी उठली आणि म्हणाली, "मी आपली आत बसते. तुम्ही जेवा."

मी तिला धरून आत, झावळ्यांखाली घेऊन गेले. तिथे एक साधा दिवा होता, लाकडी बाक होता. आजी बसली. मागे माडांवर पौर्णिमेचा चंद्र बराच वर आला होता. मी म्हटले, "आजी, चुकलेच गं. पाणी एवढे वर येईल असे वाटले नव्हते." ती हसली. माहेरची बोली तिच्या तोंडी फार क्वचित येते. पण त्या वेळी आली. "पुनवेक रात्री अकरा-साडेअकराक भरती भरता. ह्या माका म्हायत नाय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी इतक्या हौसेन ठरवलास. मग मी कित्याक बोलू?"

मित्रहो, हा निबंध मी या एका वाक्यासाठी लिहिते आहे.

घरी आल्यावर मी तिच्याकडून ते सगळे गणित समजून घेतले. कोकणात ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहा वाजता भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमा म्हणजे पंधरा. तिची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. हिशेब ढोबळ आहे, पण त्यामागचे कारण पक्के आहे. भरती चंद्रामुळे येते, चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. भरती आणि ओहोटी यांत सहा तासांहून थोडे अधिक अंतर असते. शिवाय पौर्णिमेला आणि अमावास्येला चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत येतात, म्हणून त्या दिवसांत पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ते कमी असते, त्याला भांग म्हणतात. आता आमची संध्याकाळ या हिशेबात बसवून पाहा. भरती सव्वाअकराला, तर ओहोटी पाचला. म्हणून साडेसहाला पाणी लांब दिसले आणि आम्ही फसलो. खलाशांचा आणखी एक ठोकताळा आहे, की ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात पाणी कमी चढते आणि तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत वेगाने चढते. म्हणजे सात ते नऊ. म्हणजे नेमकी आमच्या जेवणाची वेळ! वर्षातल्या सगळ्या रात्रींतून, पाण्याच्या कडेला टेबल मांडण्यासाठी आम्ही सर्वांत वाईट रात्र निवडली होती. आणि हे जिला ठाऊक होते, ती आमच्याच गाडीत खिडकीपाशी बसून घाट उतरली होती.

आता यावरून माझे म्हणणे काय, ते मांडते.

पहिले असे, की फोनवरच्या ताऱ्यांना आपण फार मान देतो. हजार अनोळखी माणसांना एखादी जागा आवडली, याचा अर्थ एवढाच की त्या हजारांना ती आवडली. त्यांच्या मतांची सरासरी काढली तर साडेचार तारे निघतील. पण त्या सरासरीतून माझी आजी निघणार नाही. अर्थशास्त्राच्या तासाला आपण शिकतो, की सरासरीवरून एका व्यक्तीविषयी काही सांगता येत नाही. परीक्षेत हे वाक्य लिहून मी गुण मिळवले आहेत. हॉटेल निवडताना मात्र विसरले. तारे खोटे नसतात. ते दुसऱ्या कोणाच्या तरी जेवणाचे असतात.

दुसरे म्हणणे जरा वादाचे आहे. ज्याचा आनंद आहे त्याला न कळवता सगळे ठरवायचे, याला आपण 'सरप्राइज' म्हणतो आणि ते प्रेमाचे लक्षण मानतो. मला आता तसे वाटत नाही. त्यात ठरवणाऱ्याची हौस अधिक भागते. डोळे मिटून हाताला धरून न्यायचे आणि मग "बघ!" म्हणायचे, यानंतर समोरच्या माणसाला एकच गोष्ट करायची परवानगी उरते, ती म्हणजे खूश होणे. आजीने ते काम चोख केले. वाळूत रुतली तरी खूश, गार जेवली तरी खूश, तीनदा उठवले तरी खूश. पंचाहत्तर वर्षे इतरांच्या मर्जीत मर्जी घातलेल्या बाईला आम्ही तिच्याच वाढदिवशी पुन्हा तेच काम दिले. आणि त्याला भेट म्हटले.

दादाला हे पटले नाही, आणि त्याची बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. तो म्हणतो, "आजीला विचारले असते तर ती काय म्हणाली असती? घरीच करूया, उगाच खर्च कशाला, हेच ना? मग वेंगुर्ले नाही, गोवा नाही, काहीच नाही." यात पुष्कळ तथ्य आहे. त्या पिढीच्या बायकांना आपली आवड सांगायची सवयच नाही. कारण आजवर ती कोणी विचारलेली नाही. 'तुला काय हवे?' हा प्रश्न त्यांना परीक्षेत अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न यावा तसा वाटतो. पण म्हणून न विचारणे हा उपाय नव्हे. विचारण्याची रीत बदलली पाहिजे. "आजी, वाढदिवसाला कुठे जाऊया?" याला उत्तर येणार नाही. पण "लग्नाआधी तू समुद्रावर कुठे बसायचीस?" याला येते. "तिकडचा कोणता मासा इकडे मिळत नाही?" याला येते. "रात्री जेवावेसे वाटते की दुपारी?" यालाही येते. हे प्रश्न मी आजीला परत आल्यावर विचारले, आणि एक तास उत्तरे ऐकत बसले. रात्री तिला पित्त होते. ती गेली चार वर्षे सातनंतर फक्त दूधभात घेते. एकाच घरात राहून मला हे माहीत नव्हते असे नाही. रोज तो दूधभात मी पाहते. पण जागा ठरवताना मी घरात पाहिले नाही, फोनमध्ये पाहिले.

दुसऱ्या दिवशीचे सांगितले नाही तर गोष्ट अपुरी राहील. परत येताना चोर्ल्याऐवजी वेंगुर्ल्यावरून आंबोलीने यावे, असे बाबांनीच सुचवले. बंदराजवळ आजीने एका ठिकाणी गाडी थांबवायला सांगितली. ती एक साधी खानावळ होती. तिथून समुद्र दिसत नव्हता. वास येत होता. दुपारचा एक वाजला होता, लख्ख उजेड होता, खुर्च्या फरशीवर होत्या. आजीने ताट येण्याआधी मालकिणीला विचारले, मासे कुठल्या होडीचे, तिरफळे घातली आहेत का, आणि शाकाहारी ताटात आज काय आहे. काकूंना फणसाची भाजी आणि काजूची उसळ मिळाली. आजी बांगडा खात होती, काटे ताटाच्या कडेला एका ओळीत लावत होती, आणि बोलत होती. तिच्या धाकट्या भावाविषयी बोलली, तो शाळा चुकवून बंदरावर कसा जायचा. होड्या लागल्या की तिची आई टोपली घेऊन कशी धावायची. त्या भावाचे नाव मी प्रथमच ऐकले. तो लहानपणीच गेला. आत्याने, आजीच्या सख्ख्या मुलीनेही, त्याचे नाव प्रथमच ऐकले. आम्हां आठ जणांचे बिल आदल्या रात्रीच्या बिलाच्या तिसऱ्या हिश्शाइतकेही झाले नाही.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये, की शॅक वाईट आणि खानावळ चांगली. त्या रात्री आमच्या शेजारच्या टेबलावर तिघे-चौघे कॉलेजचे विद्यार्थी होते. पाणी आले तसे ते टेबल उचलून ओरडत, हसत मागे पळत होते, आणि मला वाटते ती त्यांच्या आयुष्यातली एक सुंदर रात्र असेल. माझ्या एकविसाव्या वाढदिवसाला तीच जागा मला फार आवडली असती. जागेचा दोष नव्हताच. त्या वाढप्याने तर आमच्यासाठी तीनदा टेबल हलवले आणि आत्याची चप्पल शोधायला कंदील घेऊन तो पाण्यात उतरला. आणि प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की आजीने घरी आल्यावर एकच छायाचित्र मोठे करून मागितले, ते शॅकचे. त्यात पाणी टेबलाखाली आले आहे, सगळ्यांनी खुर्च्या उचलल्या आहेत, आणि आजी पाय वर घेऊन हसते आहे. ते हसू खरे आहे. दादा तेच छायाचित्र दाखवून मला हरवू पाहतो. मी त्याला म्हणते, हसली ती पाण्याला. पाणी तिच्या ओळखीचे होते.

सुटीत घरच्या कोणाची पन्नाशी, साठी किंवा पंचाहत्तरी समुद्रावर करायचा बेत असेल, तर अनुभवावरून काही गोष्टी सुचवते. आधी पंचांग पाहा, मग फोन. रात्री पाण्याजवळ बसायचे तर अष्टमीच्या आसपासचे दिवस बरे. त्या वेळी सहाच्या सुमारास पाणी भरून ओसरू लागते. गाडीपासून टेबलापर्यंत किती पावले आणि ती कशावरून, हे विचारा. उजेड, आवाज आणि स्वच्छतागृह किती लांब, हे विचारा. मासा वजनावर असेल तर शिजवण्याआधी भाव विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. जो मासे खात नाही त्याचे ताट आधी ठरवा. आणि या सगळ्याच्याही आधी, ज्याचा दिवस आहे त्याला विचारा.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपणां विद्यार्थ्यांसाठी आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांची तक्रार असते, की दहावीनंतर शाखा कोणती घ्यायची हे घरच्यांनी ठरवले, आम्हांला कोणी विचारले नाही. 'तुझ्या भल्यासाठीच' हे शब्द आपण सर्वांनी ऐकले आहेत. माझ्या बाबतीतही मी कला शाखेला येईपर्यंत वर्षभर वाद चालला. त्या वर्षी मी फार तावातावाने म्हणत असे, की माझ्याविषयीचा निर्णय माझ्याशिवाय कसा होऊ शकतो? तीच मी, हाती दादाचे पैसे आणि फोन आल्याबरोबर, आजीविषयीचा निर्णय आजीशिवाय करून मोकळी झाले. आणि तोही तिच्या भल्यासाठीच! न विचारता ठरवण्याचा दोष केवळ वडीलधाऱ्यांचा नसतो. ज्याच्या हाती ठरवणे येते, त्या प्रत्येकाला तो लागतो.

येत्या डिसेंबरात बाबांची पन्नाशी आहे. या वेळी मी आधीच विचारले, "बाबा, पन्नाशीला कुठे जाऊया?" अपेक्षेप्रमाणे ते म्हणाले, "कुठे नको, घरीच बरे." मग मी प्रश्न बदलला. "आपण इतक्या वेळा गोव्याला गेलो, तुम्हांला त्यातले काय आवडले नाही?" ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एकदा तरी गाडी मी चालवायची नाही. घाट कसा दिसतो ते मला बघायचे आहे."

पंचवीस वर्षे ते आम्हांला घाटातून नेत आहेत. जेवायची जागा अजून ठरलेली नाही. पण त्या दिवशी बाबा खिडकीपाशी बसणार, एवढे ठरले आहे.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. चौथे सत्र